वाचक-श्रोत्यांकडून छोट्या रकमा घेताना: पेमेंटची सोय लावण्याचा नेमका क्रम

ब्लॉग, पॉडकास्ट, यूट्यूब चॅनल, व्यंगचित्रांचं पान किंवा ई-अंक चालवणारे बरेच जण हे काम उलट्या क्रमाने करतात. आधी एखाद्या परदेशी प्लॅटफॉर्मवर खातं उघडतात आणि तिथलं बटण आपल्या पानावर लावतात. चार-सहा जणांनी पैसे पाठवले की मग कट किती गेला ते बघतात. पॅन, बँक आणि कर यांची आठवण थेट मार्चमध्ये होते. वाचकाने प्रेमाने पाठवलेल्या शंभरातले पंधरा-वीस रुपये वाटेत गळतात ते बहुतेक वेळा या उलट्या क्रमामुळे. खाली दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. प्रत्येक पायरीचा निर्णय आधीच्या पायरीवर उभा आहे.

पायरी १: सर्वांत छोटी रक्कम ठरवा आणि तिचं गणित मांडा

शुल्क दोन प्रकारचं असतं. एक टक्केवारीचं, म्हणजे रकमेच्या २ किंवा ३ टक्के. दुसरं ठोक, म्हणजे रक्कम कितीही असो, प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक सेंट. हजारांच्या रकमेत ठोक शुल्क जाणवतही नाही. पन्नास-शंभर रुपयांत मात्र सगळ्यात मोठा घास तेच घेतं. तरी लोक प्लॅटफॉर्म निवडताना टक्केवारीच बघतात.

भारतातल्या पेपॅल खात्यावर परदेशातून पैसे आले की साधारण ४.४ टक्के अधिक ३० सेंट कापले जातात. आता हिशोब बघा:

- १ डॉलर आला तर ३४ सेंट गेले, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त.
- ३ डॉलर आले तर ४३ सेंट गेले, म्हणजे १४.४ टक्के.
- १० डॉलर आले तर ७४ सेंट गेले, ७.४ टक्के.
- २५ डॉलर आले तर १ डॉलर ४० सेंट गेले, ५.६ टक्के.

यावर डॉलरचे रुपये करताना आणखी ३ ते ४ टक्के जातात, कारण पेपॅल चलनाचा दर स्वतःचं मार्जिन धरून लावतं. एका डॉलरच्या बाबतीत ही सरळसरळ चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

पॅट्रिऑन या नियमित वर्गणी गोळा करून देणाऱ्या प्लॅटफॉर्मचं गणित वेगळं आहे. नव्या क्रिएटरसाठी प्लॅटफॉर्मचं शुल्क १० टक्के. त्यावर पेमेंट प्रक्रियेचं शुल्क: ३ डॉलरपर्यंतच्या रकमेला ५ टक्के अधिक १० सेंट, त्यापुढे २.९ टक्के अधिक ३० सेंट. म्हणजे ३ डॉलरमधले ५५ सेंट तिथेच राहतात, आणि पैसे भारतात आणण्याचा खर्च वेगळा. ठोक शुल्क लहान रकमेला किती झोंबतं हे २०१७ च्या डिसेंबरमध्ये याच कंपनीला कळलं. प्रत्येक वर्गणीवर २.९ टक्के अधिक ३५ सेंट थेट आधार देणाऱ्याकडून घ्यायचं त्यांनी जाहीर केलं, त्यामुळे १ डॉलर देणाऱ्याला १ डॉलर ३८ सेंट मोजावे लागणार होते. एवढा विरोध झाला की थोड्याच दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला.

यूट्यूबच्या मेंबरशिप आणि सुपर थँक्समध्ये कर वजा करून उरलेल्या रकमेच्या ७० टक्के क्रिएटरला मिळतात. समजा, कुणी ५९ रुपयांची मेंबरशिप घेतली. १८ टक्के जीएसटी वजा जाता ५० रुपये उरतात आणि तुमच्याकडे ३५ येतात. आयफोनच्या ॲपमधून घेतली तर ॲपलचं कमिशनही मधे येतं. तेच ५९ रुपये यूपीआयने आले तर पूर्ण ५९ तुमचे.

तपासा: तुम्ही स्वीकारणार असलेली सर्वांत छोटी रक्कम कागदावर लिहा आणि प्रत्येक मार्गाने त्यातले किती रुपये तुमच्या बँकेत पोचतात ते तिच्यासमोर मांडा. दहा टक्क्यांहून जास्त गळती असलेला मार्ग त्या रकमेसाठी बाद करा. मोठ्या रकमेसाठी तोच मार्ग चालू शकेल.

पायरी २: खातं, नाव आणि कागदपत्रं

पानावर बटण लावण्याआधी हे उरका. नंतर करायला गेलात तर आलेले पैसे अडकतात.

*वेगळं बँक खातं.* पगार किंवा घरखर्चाच्या खात्यावर अनोळखी माणसांकडून पैसे घेऊ नका. कारण गंभीर आहे. फसवणुकीतून मिळालेले पैसे एखाद्याने तुमच्याकडे पाठवले आणि मूळ माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर साखळीतल्या सगळ्या खात्यांवर होल्ड येऊ शकतो. तुमचा काही दोष नसतो, तरी होल्ड उठेपर्यंत घराचा हप्ताही थांबतो. वेगळ्या खात्यात अडकलेले दोन हजार परवडतात, पगार अडकलेला परवडत नाही.

सुरुवातीला दुसरं बचत खातं चालून जातं, पण बचत खातं धंद्यासाठी नसतं आणि आवक वाढली की बँक विचारणा करते. नियमित आवक सुरू झाली की चालू खातं उघडा. एकल मालकीच्या चालू खात्याला बँक साधारणपणे व्यवसायाचे दोन पुरावे मागते. महाराष्ट्रात उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि गुमास्ता (दुकान-आस्थापना नोंदणी) ही जोडी सर्वांत सोपी पडते. कामगार मोजकेच असतील तर गुमास्त्यासाठी परवाना लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते आणि तिची पावती मिळते. खातं निवडताना किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते आधी विचारा. महिन्याला तीन हजार येत असताना किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड भरणं म्हणजे नवीनच कट.

सावधान: उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे. शोधात वरती दिसणाऱ्या, हुबेहूब दिसणाऱ्या खाजगी साइट तिच्यासाठी पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी सरकारी डोमेन आहे का ते बघूनच आधार क्रमांक टाका.

*नावाचा मेळ.* पेमेंट गेटवेचे (म्हणजे वाचकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्या खात्यात जमा करणाऱ्या सेवेचे) अर्ज परत येतात त्यामागे हे नेहमीचं कारण असतं. पॅनवर आडनाव शेवटी, बँकेत आडनाव आधी. पॅनवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. पॅन, आधार आणि बँक खातं तिन्ही समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर आधी बँकेत दुरुस्त करा, ते सर्वांत लवकर होतं.

*नोकरी.* सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असाल तर बाहेरच्या उत्पन्नाला खात्याची परवानगी लागते का ते आधी पाहा. परदेशी पैशांच्या बाबतीत तुमच्यावर आणखी बंधनं आहेत, ती पायरी ६ मध्ये येतील.

पायरी ३: देशातल्या वाचकांसाठी यूपीआय

यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे डिजिटल पैसे स्वीकारल्याबद्दल कापलं जाणारं शुल्क, लागत नाही. छोट्या रकमेसाठी जगात इतका स्वस्त मार्ग क्वचितच कुठे असेल. वाचक भारतात असतील तर पहिलं दार हेच ठेवा आणि ते नीट ठेवा.

१. क्यूआर वैयक्तिक नको, मर्चंट घ्या. फोनपे बिझनेस, गूगल पे फॉर बिझनेस किंवा तुमच्या बँकेचं मर्चंट ॲप यांपैकी कुठलंही चालेल. पॅन आणि खातं दिलं की क्यूआर मिळतो. मर्चंट क्यूआरवर रुपे क्रेडिट कार्डनेही पैसे येतात, वैयक्तिक क्यूआरवर येत नाहीत. छोट्या व्यापाऱ्याला अशा २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क लागत नाही.

२. दिसणारं नाव चॅनलचं किंवा अंकाचं ठेवा. पैसे पाठवताना वाचकाला स्क्रीनवर ओळखीचं नाव दिसलं नाही तर तो तिथेच थांबतो. नियमाने कायदेशीर नावच दिसणार असेल तर ते नाव पानावर आधीच लिहा.

३. यूपीआय आयडीत मोबाईल नंबर नको. बरीच वैयक्तिक ॲप आपोआप नंबरचाच आयडी बनवतात. तो सार्वजनिक पानावर गेला की रात्री-अपरात्री फोन सुरू होतात. ज्यांना लोक रागाने संदेश पाठवतात अशा लेखिका, व्यंगचित्रकार आणि राजकीय विषयांवर बोलणारे यांनी हे विसरून चालणार नाही.

४. क्यूआरखाली आयडी मजकूर म्हणूनही द्या. यूपीआयच्या बाबतीत सर्वाधिक पैसे इथे बुडतात. तुमचं पान बहुतेक जण मोबाईलवरच उघडतात, आणि मोबाईलच्या पडद्यावरचा क्यूआर त्याच मोबाईलने स्कॅन करता येत नाही. वाचकाला स्क्रीनशॉट काढून, ॲप उघडून, गॅलरीतून तो उचलावा लागतो. अर्धे जण तिथेच सोडून देतात. शिवाय गॅलरीतून उचललेल्या क्यूआरला बरेचदा २,००० रुपयांची मर्यादा लागते. आयडी कॉपी करता येईल असा दिला तर हे सगळं टळतं. आयडी चित्रात लिहू नका, साध्या अक्षरांत लिहा.

५. रक्कम आधीच भरलेला क्यूआर जपून वापरा. बहुतेक ॲपमध्ये ती रक्कम बदलता येत नाही. पाचशे द्यायला आलेल्याला पन्नासच देता येतात. एक क्यूआर बिनरकमेचा ठेवा. हव्या तर ५०, २०० आणि १,००० च्या तीन वेगळ्या लिंक द्या, पण त्या बिनरकमेच्या क्यूआरच्या खाली.

सावधान: ओळखीच्या वाचकांना 'पैसे मागण्याची विनंती' पाठवू नका. व्यक्ती ते व्यक्ती अशा विनंत्या फसवणुकीमुळे ऑक्टोबर २०२५ पासून बंदच झाल्या आहेत. आणि तुमच्या नावाने कुणी दुसराच क्यूआर फिरवू शकतो, म्हणून 'आमचा क्यूआर फक्त याच पानावर आहे' ही ओळ पानावर हवीच.

यूपीआय लाइट वापरणाऱ्या वाचकाला छोट्या रकमेला पिनही टाकावा लागत नाही. दहा-वीस रुपये द्यायला तो जितक्या सहज तयार होतो तितका पिन टाकायला होत नाही. तुमच्या बाजूने त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

पायरी ४: गेटवे खरंच लागतो का?

बऱ्याच जणांना लागत नाही. खालीलपैकी एखादी गरज असेल तरच घ्या: पैसे आल्याबरोबर पीडीएफ किंवा ऑडिओ आपोआप पाठवायचा आहे, दरमहा आपोआप वर्गणी कापायची आहे, परदेशी कार्ड घ्यायची आहेत, किंवा महिन्याला शेकड्याने व्यवहार होतात आणि हाताने नोंद ठेवणं अशक्य झालं आहे.

रेझरपेसारख्या गेटवेचा जाहीर दर देशातल्या व्यवहारांना २ टक्के आणि परदेशी कार्डांना ३ टक्के असा आहे. या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. १०० रुपयांतून २ रुपये शुल्क आणि ३६ पैसे जीएसटी गेला की ९७ रुपये ६४ पैसे येतात. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर ते ३६ पैसे परत मिळत नाहीत, ते खर्चातच धरा. चांगली बाब अशी की यात ठोक शुल्क नाही. दहा रुपये आले तरी टक्केवारी तीच राहते.

'यूपीआय फुकट आहे, मग गेटवेवर २ टक्के का?' हा प्रश्न नेहमी येतो. एमडीआर शून्य असतो, पण गेटवे आपल्या सेवेचं शुल्क वेगळं लावतो आणि ते यूपीआयच्या व्यवहारालाही लागतं. म्हणून गेटवे घेतला तरी पानावरचा थेट यूपीआय आयडी काढू नका. ज्याला फक्त पाठीवर थाप म्हणून शंभर रुपये द्यायचे आहेत त्याला थेट यूपीआय दाखवा, ज्याला अंक हवा आहे त्याला गेटवे.

अर्ज करताना या गोष्टी आधी तयार ठेवा:

- साइटवर संपर्क, गोपनीयता, अटी आणि रिफंड यांची चार वेगळी पानं. ती इंग्रजीतही ठेवा, कारण तपासणारा माणूस मराठी वाचेलच असं नाही.
- पॅन, रद्द केलेला चेक, पत्त्याचा पुरावा, असल्यास उद्यम आणि गुमास्ता.
- व्यवसायाचा प्रकार. 'देणगी' किंवा 'क्राउडफंडिंग' निवडलंत की संस्थेची कागदपत्रं मागितली जातात आणि अर्ज तिथेच रेंगाळतो. तुम्ही लेखन, ध्वनिफीत किंवा चित्रं देता, तर 'डिजिटल कंटेंट' किंवा 'प्रकाशन' निवडा.

पैसे खात्यात यायला साधारण दोन कामकाजाचे दिवस लागतात. शनिवार-रविवार आणि बँकेच्या सुट्ट्या यात धरल्या जात नाहीत. दिवाळी अंकाची छपाई गेटवेवर आलेल्या पैशांतून करणार असाल तर प्रेसला तारीख देताना हे लक्षात घ्या.

सावधान: रिफंड दिला तरी गेटवेने घेतलेलं शुल्क सहसा परत येत नाही. ५० रुपये परत करणं म्हणजे ५० रुपये अधिक शुल्क एवढं नुकसान. म्हणून रिफंडच्या पानावर नेमकं लिहा: फाईल उघडलीच नाही किंवा पैसे दोनदा कापले गेले तरच परतावा, बाकी नाही.

पायरी ५: दरमहा की वर्षाला

रुपयांत, गेटवेवर, दर तोच असेल तर दोन्हीचं शुल्क सारखंच. महिन्याला ५० रुपये घेतले तर दर वेळी १ रुपया १८ पैसे, वर्षाला १४ रुपये १६ पैसे. एकदम ६०० घेतले तरी १४ रुपये १६ पैसेच. मग फरक कशात आहे? फसलेल्या कपातीत. यूपीआय ऑटोपे किंवा कार्डच्या ई-मॅन्डेटमध्ये (आपोआप कपातीला वाचकाने आधीच दिलेल्या परवानगीत) पैसे कापण्याच्या २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते आणि खात्यात शिल्लक नसेल तर कपात फसते. १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी पिन लागत नाही, त्यामुळे छोटी वर्गणी तशी बिनबोभाट जाते. पण मॅन्डेट वाचकाच्या ॲपमध्येच दिसतो आणि तो तिथून कधीही बंद करू शकतो.

कपातीची तारीख महिन्याची ५ ते ८ ठेवा. पगार झालेला असतो आणि हप्ते गेलेले असतात. २५ तारखेनंतर कपात ठेवली तर ती जास्त वेळा फसते.

नवख्यांना सल्ला एकच: पहिलं वर्ष वार्षिक वर्गणी आणि एकरकमी आधार एवढंच ठेवा. मासिक वर्गणी म्हणजे दर महिन्याला काहीतरी देण्याचं वचन. ते पाळलं जातंय हे आधी स्वतःला दिसू द्या.

पायरी ६: परदेशातले मराठी वाचक

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो आणि पैसेही इथेच जास्त वाया जातात. न्यू जर्सी, लंडन, दुबई किंवा सिडनीतला वाचक मनापासून द्यायला तयार असतो, आणि आपण त्याला पहिलंच दार सर्वांत महाग दाखवतो. या क्रमाने दाखवा.

*पहिलं: एनआरई किंवा एनआरओ (म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या) खात्यावरचं यूपीआय.* अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, सौदी, ओमान, कतार, हाँगकाँग अशा देशांच्या मोबाईल नंबरवर, भारतातल्या एनआरई किंवा एनआरओ खात्याला जोडून यूपीआय चालतं. अनेकांना हे माहीतच नसतं. पानावर एक ओळ लिहा: 'भारतात एनआरई/एनआरओ खातं असेल तर परदेशी नंबरवरूनही यूपीआय चालेल, तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये पाहा.' खर्च शून्य.

*दुसरं: भारतीय गेटवेवर परदेशी कार्ड.* ३ टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३.५४ टक्के, ठोक शुल्क नाही. २५० रुपयांतले ८ रुपये ८५ पैसे जातात. हीच रक्कम पेपॅलने तीन डॉलर म्हणून आली असती तर चौपट गेली असती. ही सोय बहुधा वेगळा अर्ज करून सुरू करावी लागते आणि गेटवे ती नाकारूही शकतो, म्हणून पहिल्याच अर्जात मागा. वाचकाची बँक तिच्या बाजूने परकीय व्यवहाराचं शुल्क लावू शकते, हे त्याला आधी सांगा.

*तिसरं: पेपॅल, पण १० डॉलरच्या बऱ्याच वर आणि शक्यतो वर्षातून एकदा.* महिन्याला ३ डॉलर घेतले तर वर्षाच्या ३६ डॉलरमधून ५ डॉलर १८ सेंट जातात. एकदम ३६ घेतले तर १ डॉलर ८८ सेंट. चलनाचं मार्जिन दोन्हीत वेगळं जाईलच. भारतातल्या पेपॅल खात्यावर वैयक्तिक भेट म्हणून पैसे घेता येत नाहीत, फक्त वस्तू किंवा सेवेचा मोबदला घेता येतो. भारतातल्या भारतात पेपॅलने पैसे घेणं तर एप्रिल २०२१ पासून बंदच आहे. खातं उघडताना पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी येतात ते सांगणारा कोड, निवडावा लागतो. पैसे बँकेत आपोआप जातात, तिथे साठवून ठेवता येत नाहीत. को-फीसारखे प्लॅटफॉर्म टिपवर स्वतःचं शुल्क घेत नसले तरी पैसे शेवटी पेपॅल किंवा स्ट्राइपमधूनच येतात. 'शून्य टक्के' वाचून पेपॅलचा कट विसरू नका.

*चौथं: थेट बँकेत, स्विफ्टने (बँका-बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेने).* ही वाट फक्त मोठ्या एकरकमी पैशांसाठी. मधल्या बँका आपापलं शुल्क कापतात, तुमची बँक आवक शुल्क घेते, आणि चलन बदलण्याच्या सेवेवर किमान ४५ रुपये जीएसटी लागतो. पंधरा डॉलर या वाटेने मागवू नका.

सावधान, परदेशी देणगी: इथे चूक झाली तर गळतीच्या पलीकडचा प्रश्न उभा राहतो. परकीय अंशदान नियमन कायदा, २०१० म्हणजे एफसीआरए. परदेशी नागरिकाने दिलेली देणगी यात येते. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी भारतीय परदेशी स्रोत धरला जात नाही, पण अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलेला मराठी माणूस ओसीआय कार्ड असलं तरी धरला जातो. नोंदणीकृत वृत्तपत्राचे संपादक, स्तंभलेखक, वार्ताहर, व्यंगचित्रकार, मालक, मुद्रक, प्रकाशक; इलेक्ट्रॉनिक माध्यमातून बातम्या किंवा चालू घडामोडींचे ध्वनी वा दृक्‌श्राव्य कार्यक्रम करणाऱ्या संस्था आणि त्यांचे संपादक व स्तंभलेखक; आणि सरकारी नोकर या सगळ्यांना असं अंशदान, म्हणजे परदेशी देणगी, घेताच येत नाही. नेहमीच्या व्यवसायात दिलेल्या वस्तू किंवा सेवेचा मोबदला मात्र अंशदानात धरला जात नाही. म्हणून परदेशातून येणारा प्रत्येक पैसा एखाद्या गोष्टीच्या बदल्यात घ्या: वर्षाची सदस्यता, ई-अंक, जुन्या भागांचा संग्रह. त्याचं क्रमांक असलेलं बिल बनवा आणि पाठवा. 'देणगी', 'मदत', 'सपोर्ट' असे शब्द बिलावर नकोत. बातम्या आणि चालू घडामोडींवर काम करत असाल तर परदेशी दार उघडण्याआधी सीएला प्रत्यक्ष भेटा.

यूट्यूबवरून कमाई होत असेल तर अमेरिकी कराचा डब्ल्यू-८बेन फॉर्म भरलाय का ते लगेच पाहा. भरला असेल तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर कर कापला जातो, भारतासाठी करारानुसार १५ टक्के. न भरल्यास वैयक्तिक खात्याच्या जगभरातल्या एकूण कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापला जाऊ शकतो. पंधरा मिनिटांच्या कामासाठी एवढा फटका खाऊ नका.

पायरी ७: पानावरचा मजकूर आणि चाचणी

पानावर मोठं भाषण नको. रक्कम, मार्ग, पैसे गेल्यावर काय होईल, आणि अडचण आली तर कुठे लिहायचं, एवढंच हवं. नमुना:

'हा भाग आवडला असेल तर ५०, २०० किंवा जमेल ती रक्कम पाठवा. यूपीआय आयडी खाली आहे, दाबून धरला की कॉपी होईल. पैसे पाठवताना स्क्रीनवर आमच्या अंकाचं नाव दिसेल. दुसरं नाव दिसलं तर पैसे पाठवू नका, आम्हाला कळवा. पाठवताना नोंदीच्या रकान्यात तुमचं नाव लिहा. सदस्यता घेत असाल तर व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक ईमेलने पाठवा, दोन दिवसांत अंक येईल.'

'देणगी' हा शब्द देशातल्या पानावरही टाळा. लोक ८०जीची, म्हणजे देणगीवर करसवलत देणारी, पावती मागतात आणि ती फक्त तशी नोंदणी असलेल्या संस्थाच देऊ शकतात. 'वर्गणी', 'सदस्यता', 'आधार' हे शब्द पुरेसे आहेत.

मग चाचणी करा, आणि ती जाहीर करण्याआधी करा:

१. दुसऱ्याच्या फोनवरून, दोन वेगळ्या ॲपमधून १ रुपया पाठवा. एकदा क्यूआर स्कॅन करून, एकदा आयडी कॉपी करून.
२. नाव बरोबर दिसतं का, नोंदीचा रकाना येतो का, ते पाहा.
३. रुपया बँकेच्या स्टेटमेंटमध्ये कुठल्या वर्णनाने येतो ते पाहा. पुढे हिशोब यावरूनच जुळवायचा आहे.
४. गेटवे असेल तर पैसे खरोखर बँकेत येईपर्यंत थांबा. डॅशबोर्डवर 'यशस्वी' दिसणं आणि खात्यात जमा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवायसी अपुरं असेल तर पैसे गेटवेकडेच राहतात.
५. स्वतःला एक रिफंड देऊन बघा.

पायरी ८: नोंद, पावती, कर

एक साधी शीट पुरते. रकाने असे: तारीख, नाव, मार्ग, आलेली मूळ रक्कम, कापलेलं शुल्क, संदर्भ क्रमांक, कशासाठी, काय पाठवलं. गेटवेवरून १०० रुपयांचे ९७.६४ आले तर उत्पन्नाच्या रकान्यात १०० लिहा आणि खर्चाच्या रकान्यात २.३६. सरळ ९७.६४ लिहिलंत तर गेटवेच्या वार्षिक अहवालाशी तुमचा हिशोब कधीच जुळणार नाही आणि शुल्काचा खर्चही दाखवता येणार नाही.

स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवून अंक पाठवू नका. खोटे स्क्रीनशॉट बनवणारी ॲप सर्रास मिळतात. स्टेटमेंटमध्ये संदर्भ क्रमांक दिसला तरच पाठवा. वाचकाचे पैसे कापले गेले आणि तुमच्याकडे आलेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यापारी व्यवहारात पाच दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई असते. वाचकाला हे सांगा आणि त्याच्या ॲपमधून तक्रार करायला सांगा. घाईने स्वतःच्या खिशातून परत करू नका, नाहीतर त्याला दोनदा मिळतात.

कराच्या बाबतीत तीन गोष्टी. वाचकांनी नियमित कामासाठी पाठवलेले पैसे भेट म्हणून दाखवू नका, ते व्यवसायाचं किंवा पेशाचं उत्पन्न आहे. दुसरं, सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे आणि ती तुमच्या पॅनवरच्या सगळ्या व्यवसायांची मिळून मोजली जाते, पगार त्यात येत नाही. तिसरं, तुमची विक्री स्वतःच्या प्लॅटफॉर्मवरून करून देणाऱ्या भारतीय कंपन्या ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के टीडीएस कापतात. वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या विक्रीला व्यक्तीकडून तो कापला जात नाही, पण त्यासाठी पॅन दिलेलं असावं लागतं. पॅन दिलं नाही तर कपात थेट ५ टक्के होते.

परदेशी पैशांचं एफआयआरसी किंवा एफआयआरए प्रमाणपत्र (परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा पुरावा), त्याला जोडलेलं बिल आणि त्या दिवशीचा चलनाचा दर एकाच फोल्डरमध्ये ठेवा. फाईलचं नाव 'वर्ष-महिना-बिल क्रमांक' असं द्या, म्हणजे सीएने मागितल्यावर शोधत बसावं लागत नाही. प्लॅटफॉर्म आणि गेटवे दर बदलत राहतात, म्हणून दर एप्रिलमध्ये पायरी १ चा कागद काढून नव्या दरांनी पुन्हा भरा आणि पानावरची सर्वांत छोटी रक्कम त्याप्रमाणे बदला.